लष्करी लिलावातली गाडी आणि तिची बॅटरी

लष्कराने सेवेतून मोकळी करून लिलावात काढलेली गाडी ज्याने हौसेने घेतली, त्या गृहस्थाचे सारे लक्ष पहिल्या दिवसापासून तिच्या इंजिनाकडे, टायरांकडे आणि पत्र्यावरच्या गंजाकडे लागलेले असते. लोखंडी पेटीत बसलेल्या बॅटरीची आठवण त्यास बहुधा तेव्हाच होते, जेव्हा कित्येक आठवड्यांनी सेल्फ मारल्यावर गाडी एकदा कण्हते आणि गप्प होते. मग शेजारची चार मुले धक्का मारतात, गाडी सुरू होते, आणि रस्त्यावर दोन फेऱ्या मारून आणल्या म्हणजे बॅटरी पुन्हा भरली, अशी समजूत करून घेऊन मालक निश्चिंत होतो. या एका समजुतीपायी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या अकाली निकामी होतात, आणि म्हणून चार्जर या साध्या दिसणाऱ्या यंत्राविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटते.

मुंबईच्या डिलाईल रोडसारख्या वस्तीत तर हा विषय अधिकच निकडीचा होतो. कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव आता ज्याला सरकारदप्तरी मिळाले आहे, पण ज्याला जुनी माणसे अजून डिलाईल रोडच म्हणतात, त्या रस्त्यालगत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या ३२ इमारती होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर वीस बिऱ्हाडे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची एक खोली. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या कामगारांसाठी योजलेल्या या वस्तीत कुणाच्या मालकीची मोटार असेल ही कल्पना बांधणाऱ्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते, आणि त्यामुळे गॅरेज हा प्रकार येथे नाही. अशा ठिकाणी कुणी हिरव्या रंगाची जीप किंवा जोंगा बाळगली, तर ती गल्लीत ताडपत्रीखाली उभी राहते, पावसाळ्याचे चार महिने बहुधा हलत नाही, आणि हलली तरी लोअर परळच्या गर्दीत तासाभरात मैलभर जाते. बॅटरी भरण्यासाठी लागणारी लांब, अखंड दौड तिच्या नशिबी क्वचितच येते.

आपल्याकडे या गाड्या आल्या कोठून, हे थोडक्यात पाहू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा दोस्तराष्ट्रांच्या फौजांनी मागे ठेवलेली वाहने सरकारने लिलावाने विकली, आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द गॅरेजवाल्यांच्या बोलण्यात कायमचा रुजला. युद्धकाळात विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या होत्या. त्यांच्याच वंशातल्या जीपची जुळणी पुढे महिंद्र कंपनीने आपल्या माझगावात, म्हणजे डिलाईल रोडपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी, सुरू केली. पुढे जबलपूरच्या सरकारी कारखान्यांतून जर्मन मान कंपनीच्या नमुन्यावरचे शक्तिमान ट्रक आणि जपानी निसान पेट्रोलच्या नमुन्यावरची जोंगा निघू लागली, आणि त्यानंतर मारुतीची जिप्सी लष्करात शिरली. सेवाकाल संपलेली लष्करी वाहने एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत लिलावात निघत आली आहेत. मुंबईत अशा गाडीचे सुटे भाग शोधणारा कुर्ल्याच्या भंगारबाजारापासून नागदेवीपर्यंत पायपीट करतो. पण चार्जर घ्यायला बाहेर पडण्यापूर्वी त्याने आपल्याच गाडीची बॅटरीपेटी उघडून पाहिली पाहिजे, कारण या गाड्यांत विद्युत्‌दाबाचा एकच शिरस्ता नाही.

युद्धकाळातली मूळ जीप ६ व्होल्टवर चालत असे. तिच्यानंतर अमेरिकन सैन्याने एम-३८ ही जीप काढली, ती २४ व्होल्टची. आणि पुढे पाश्चात्त्य सैन्यांनी हाच दाब प्रमाण म्हणून स्वीकारला. ब्रिटिश लष्करी लँड रोव्हरमध्ये साधी गाडी १२ व्होल्टची आणि बिनतारी यंत्र बसवण्याजोगी गाडी २४ व्होल्टची, असे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदत. या निवडीमागे कारण आहे. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने दिली तर प्रवाह निम्मा लागतो. तारा बारीक चालतात, थंडीत जड डिझेल इंजिन जोमाने फिरते, आणि बिनतारी यंत्रास मुबलक वीज मिळते. जिप्सी मात्र नागरी गाडीच असल्याने १२ व्होल्टची. यावर आणखी एक गुंतागुंत अशी की, लष्करातून सुटल्यावर ज्या ज्या मिस्त्रीच्या हाती गाडी पडली त्याने आपल्या सोयीने बदल केलेले असतात. २४ ची गाडी १२ वर आणलेली, ६ ची १२ वर नेलेली, अशा किती तरी आढळतात. म्हणून गाडीचे नाव सांगून चार्जर मागणे हा मार्ग सुरक्षित नव्हे.

पेटी उघडून पाणी घालण्याची झाकणे मोजावीत. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीचा प्रत्येक सेल सुमारे २ व्होल्टचा असतो, मग ती कितीही मोठी असो. तीन झाकणे म्हणजे ६ व्होल्ट, सहा म्हणजे १२. सहा झाकणांच्या दोन बॅटऱ्या असून एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जाड पट्टीने जोडलेले असेल, तर गाडी २४ व्होल्टची आहे. आणि दोन्ही धन टोके एकमेकांस व दोन्ही ऋण टोके एकमेकांस जोडलेली असतील, तर दोन बॅटऱ्या असूनही ती १२ ची आहे. झाकणे नसलेल्या बंद बॅटरीवर दाब छापलेला असतो. त्यानंतर पाहायचे ते हे, की गाडीच्या लोखंडी सांगाड्यास बॅटरीचे कोणते टोक जोडले आहे. हल्ली सर्वत्र ऋण टोक जोडतात, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडण्याची चाल होती, आणि तेथे सवयीने काळी क्लिप सांगाड्याला लावणाऱ्याचा चार्जर, आणि कधीकधी गाडीचा डायनामोही, एका क्षणात जळू शकतो.

आता बॅटरी नुसती उभी राहून का मरते, ते समजून घेणे अगत्याचे आहे, कारण चार्जरची निवड सर्वस्वी त्यावर अवलंबून आहे. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने ही बॅटरी शोधली, आणि तिचे मूलतत्त्व आजतागायत बदललेले नाही: वीज देताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आणि चार्ज करताना ते विरघळून पुन्हा शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि आम्ल तयार होते. हे सल्फेट ताजे असते तोवर त्याचे कण बारीक असतात आणि सहज परततात. पण बॅटरी अर्धीमुर्धी रिकामी तशीच पडून राहिली, तर तेच कण मोठ्या, कठीण स्फटिकांत परिवर्तित होतात आणि मग कोणताही चार्जर त्यांना पूर्णतः परत आणू शकत नाही. जोडलेले काही नसतानाही बॅटरी आतल्या आत झिजत असते, आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की ही झीज सुमारे दुप्पट होते. मुंबईच्या मे महिन्यात ताडपत्रीखाली तापलेली गाडी, आणि वर तिच्यात चोरून थोडी वीज खाणारे घड्याळ किंवा जुनाट, पाझरणारी तार असली, म्हणजे सहा आठवड्यांत काय होते हे मालकास सेल्फ मारल्यावर कळते. १२ व्होल्टची स्वस्थ, पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर मीटरवर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आणि १२ च्या खाली उतरलेली बॅटरी एक दिवसही तशी ठेवू नये. धक्का मारून सुरू केलेल्या गाडीच्या दोन फेऱ्या या आकड्यांत नगण्य भर घालतात.

डिलाईल रोडच्या रहिवाशांना ही विद्या परकी नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८७६ साली उभारलेले लोअर परळचे वर्कशॉप याच वस्तीच्या शेजारी आहे, आणि रेल्वेच्या डब्यांतले दिवे-पंखे चाकाच्या आसाने फिरणाऱ्या डायनामोवर आणि डब्याखालच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालत असत. पूर्वी हा दाब २४ व्होल्ट होता, पुढे ११० झाला. ट्रेन लायटिंगच्या कामावर आयुष्य घालवलेला माणूस प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता वहीत नोंदवीत असे. आजच्या हौशी मालकाने तीच शिस्त उचलावी, असे मी आग्रहाने सांगेन. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची घनता, बनावटीप्रमाणे, १.२४ ते १.२८ च्या दरम्यान येते. उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटरीत ती मुद्दाम कमी ठेवतात. सगळ्या सेलांचे आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत, आणि एखादा सेल फार मागे पडला असेल तर दोष चार्जरचा नसून बॅटरीचा आहे, हे पैसे खर्चण्यापूर्वी समजते.

चार्जरचे मुख्यतः दोन वर्ग करता येतील. पहिला जुना, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला, वर अँपिअरचा काटा असलेला. हा दणकट असतो, अगदी रिकाम्या बॅटरीतही वीज ढकलतो, पण बॅटरी भरली हे त्यास कळत नाही. रात्रभर विसरून ठेवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर दाब १६ च्या वर चढतो, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, पट्ट्या वाकतात. रस्त्याकडेच्या बॅटरीवाल्याच्या दुकानात अनेक बॅटऱ्या एका माळेत जोडून रात्रभर चार्जिंगला लावण्याची जी पद्धत आहे, तीही मूळची याच वर्गातली. कसबी कारागिराच्या देखरेखीखाली ती उत्तम चालते, परंतु वेगवेगळ्या वयाच्या आणि आकाराच्या बॅटऱ्या एका माळेत आल्या की लहान बॅटरी जास्त तापते आणि मोठी उपाशी राहते. दुसरा वर्ग टप्प्याटप्प्याने चार्ज करणाऱ्या चार्जरचा. तो प्रथम ठरावीक प्रवाह देतो, दाब १४.४ च्या आसपास पोहोचला की दाब तेथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करतो. आणि शेवटी १३.५ च्या जवळपास उतरून नुसती झीज भरून काढत राहतो. २४ व्होल्टच्या जोडीसाठी हे आकडे दुप्पट, ६ व्होल्टसाठी निम्मे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा दुसरा वर्गच योग्य, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

तो घेताना किती अँपिअरचा घ्यावा? बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या एक-दशांश, हा जुना नियम आजही निर्दोष आहे: १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीस १० अँपिअर. निम्मी रिकामी बॅटरी या गतीने साधारण आठ-दहा तासांत भरते, कारण शेवटचा भाग हळूच जातो. केवळ भरलेली बॅटरी टिकवून धरायची असेल तर दोन-चार अँपिअरचा लहान चार्जरही पुरेल. चार्जरवर ‘बूस्ट’ किंवा जलद चार्जिंगचे बटण असले तरी त्याचा मोह धरू नये. लष्करी बॅटरीच्या जाड पट्ट्यांना सावकाश दिलेली वीजच मानवते. बंद, जेल प्रकारच्या बॅटरीस कमी दाब लागतो, आणि लिथियमच्या बॅटरीस शिशाचा चार्जर मुळीच लावू नये.

२४ व्होल्टच्या जोडीविषयी मात्र येथे थांबून बोलले पाहिजे, कारण सर्वांत अधिक नुकसान येथे होते. दोन बॅटऱ्या माळेत असतात तेव्हा दोघींमधून एकच प्रवाह जातो, पण चार्जरला फक्त दोघींची बेरीज दिसते. एक बॅटरी जुनी आणि दुसरी नवी असेल, किंवा कुणी गाणी ऐकण्याच्या यंत्रासाठी अथवा मोबाइलसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढली असेल, तर ती एकटीच अधिक रिकामी होते. मग चार्जर २८.८ वर पोहोचल्याचे समाधान मानतो, तेव्हा एकीवर १३.५ आणि दुसरीवर १५.३ असा भार पडलेला असतो. एक अर्धपोटी राहून सल्फेटने कठीण होते, दुसरी पाणी उडवून कोरडी पडते, आणि मालक दोघींनाही दोष देतो. यावर उपाय अवघड नाही. जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. १२ व्होल्ट हवेच असतील तर दाब उतरवणारा कन्व्हर्टर दोघींच्या मिळून टोकांवर बसवावा. आणि महिन्यातून एकदा मीटरने दोघींचा दाब वेगवेगळा मोजावा. दोन-दशांश व्होल्टहून अधिक तफावत दिसली, की मधली जोडपट्टी सोडून प्रत्येकीस १२ व्होल्टच्या चार्जरने स्वतंत्र भरावे. माझ्या मते अशा गाडीच्या मालकाने २४ चा एक भारी चार्जर घेण्यापेक्षा १२ चे दोन सारखे, चांगले चार्जर घेणे अधिक शहाणपणाचे, कारण प्रत्येक बॅटरीस तिचा तिचा न्याय मिळतो. दाब आपोआप ओळखणाऱ्या चार्जरवर येथे डोळे मिटून विसंबू नये. फार रिकामी झालेली २४ ची जोडी त्यास १२ ची भासू शकते. आणि २४ च्या ट्रकवरून १२ च्या जिप्सीला कधीही तारा लावून सुरू करू नये.

मुंबईच्या हवेचा एक निराळा हिशेब आहे. चार्जरवर लिहिलेले आकडे २५ अंशांच्या उष्णतेसाठी असतात. त्याहून प्रत्येक अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीस सुमारे दोन-तीन शतांश व्होल्ट कमी लागतात. ३४ अंशांच्या दुपारी हा फरक पाव व्होल्टाजवळ जातो, आणि रात्रंदिवस जोडून ठेवलेल्या चार्जरच्या बाबतीत पाणी आटण्यास तेवढा पुरेसा आहे. उष्णतेप्रमाणे दाब बदलणारा चार्जर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास पंधरा दिवसांतून एक रात्र लावून काढून ठेवण्याची रीत ठेवावी. खारी हवा टोकांवर हिरवट-पांढरा चुरा आणते. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणे घट्ट लावून, धुवावा आणि वर व्हॅसलिन लावावे.

वापराच्या वेळी क्रम चुकवू नये. प्रथम चार्जरचा विजेचा प्लग बंद; मग धन क्लिप धन टोकास; मग ऋण क्लिप, बॅटरी गाडीतच आणि तिचे ऋण टोक सांगाड्यास जोडलेले असल्यास बॅटरीपासून दूर सांगाड्याच्या उघड्या लोखंडास; आणि सर्वांत शेवटी प्लग सुरू. काढताना नेमके उलट. याचे कारण असे की चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, हवेत चार टक्क्यांपासून तो स्फोटक होतो, आणि क्लिप काढतानाची एक ठिणगी त्यास पुरते. म्हणून बॉनेट आणि बॅटरीपेटीचे झाकण उघडे ठेवावे, ताडपत्री पूर्ण काढावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी. खोलीत, जेथे स्वयंपाकाचा गॅस आणि देवापुढचे निरांजन एकाच १६० फुटांत असते, तेथे बॅटरी आणून चार्ज करणे मला सर्वथा अमान्य आहे. वीज किती लागेल याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १०० अँपिअर-तासांची २४ व्होल्टची निम्मी रिकामी जोडी भरावयास साधारण दोन युनिटे लागतात आणि घरातला साधा प्लग तो भार सहज सोसतो. पण गॅलरीतून खाली सोडलेली वायर अखंड आणि अर्थिंगची असावी, तिला पावसाचे पाणी लागू नये, आणि सामाईक जिन्याच्या दिव्यावरून वीज न घेता आपल्याच मीटरवरून घ्यावी. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरावे. आधी फक्त पट्ट्या बुडतील एवढेच. आम्ल कधीही वरून घालू नये. डोळ्यांत थेंब उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून लगेच रुग्णालय गाठावे. गल्लीत मुले खेळत असतात. चार्जिंग चालू असताना गाडीजवळ एक मोठे माणूस असावे.

कायद्याचाही येथे संबंध येतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूप राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्ती अशा कारणांखेरीज रोजच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या जीपला ही सन्माननीय नोंदणी मिळाली, की उभे राहणे हीच तिची नित्याची स्थिती होते. अशा गाडीला वर्षाचे बारा महिने चार्जरचाच आधार. बॅटरीचा मुख्य प्रवाह तोडणारा स्विच बसवावा, म्हणजे चोरटी गळतीही थांबते.

शेवटी, ज्या बॅटरीने इतके करूनही मान टाकली, तिच्याविषयी एक विनंती. तिच्यातले आम्ल गल्लीतल्या गटारात ओतून शिसे किलोवर विकण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यामुळे शिसे मातीत आणि लहान मुलांच्या शरीरात जाते, आणि ते तेथून सहजी निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना जुनी परत घेऊन किमतीत सूट देण्याची पद्धत बहुतेक दुकानांत आहे. तेव्हा बॅटरी न उघडता, आम्लासकट, उभीच धरून दुकानात न्यावी आणि पावती घ्यावी.